हिराजीभाऊ आणि खिडकीचा कॅमेरा

हिराजीभाऊ कोळी माझ्या दुकानात एकदाच बसले. एरवी इतक्या वर्षांत त्यांनी स्टुलाकडे ढुंकूनही बघितलं नाही. टपाल नाक्यापासून हाकेच्या अंतरावर आमची दुकानं शेजारी-शेजारी. त्यांचा फोटो स्टुडिओ आणि माझं चष्म्याचं दुकान, मध्ये एक भिंत. दुकान माझ्या वडिलांचं, पुढे मी चालवायला घेतलं. हिराजीभाऊ दिवसातून दहा वेळा यायचे. काउंटरला एक कोपर टेकायचं, या पायावरचा भार त्या पायावर, त्या पायावरचा या पायावर. चहा मागवायचा, अर्धा प्यायचा आणि "आलोच" म्हणून रस्त्यावर. उरलेला कप उचलायचा कुणी? मी. त्यावरून मी किती वेळा बोलले असेन, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आता त्या स्टुडिओत मोबाइलची कव्हरं विकतात. दुकानदार मुलगा भला आहे, दिवसभर एका जागी बसून असतो. त्याचाच मला जास्त राग येतो.

उरणच्या बाजूच्या कोळीवाड्यातला हा माणूस. वडील खाडीत होडी घालायचे. बंदर वाढलं, खाडी आटत गेली, तसे त्यांचे भाऊ पोर्टात लागले आणि हिराजी मात्र दादरला एका स्टुडिओत झाडू मारायला गेले आणि फोटोग्राफर होऊन परत आले. मग पनवेल. पासपोर्ट फोटो, शाळेचे फोटो आणि लग्नं. आगरी-कोळ्यांची लग्नं म्हणजे हळदच दोन दिवस पुरते. उरणपासून कळंबोलीपर्यंत असं घर शोधून काढावं लागेल जिथल्या भिंतीवर हिराजीभाऊंनी काढलेला फोटो नाही.

पासपोर्ट फोटो काढताना ते कुणाला "हसा" म्हणायचे नाहीत. कॅमेऱ्यामागून विचारायचे, "जेवलास का?" माणूस एकदम आपल्या घरात गेल्यासारखा दिसायचा, आणि तेवढ्यात खट्. आमच्याकडे एक बँकेचे साहेब होते, कायम आंबट चेहऱ्याचे. त्यांनाही विचारलं, "जेवलाव का?" साहेब म्हणाले, "नाही हो, डबाच विसरलो." त्या फोटोत साहेब इतके केविलवाणे आणि इतके चांगले दिसत होते की त्यांच्या बायकोने मोठा करून घेतला.

तर प्रश्न एकच होता, आणि त्या वर्षी तो आमच्या सगळ्या गल्लीने ऐकला. "ताई, नवा घेऊ का जुना?"

कॅमेरा. साधा नव्हे, रेंजफाइंडर. हिराजीभाऊ त्याला 'खिडकीचा कॅमेरा' म्हणायचे, आणि तेच नाव बरं आहे. आपण नेहमी पाहतो त्या कॅमेऱ्यात भिंगातून जे दिसतं तेच डोळ्याला दिसतं. याच्यात नाही. याला वरच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते आणि माणूस त्या खिडकीतून बघतो. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन, त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. एक नाक, शेजारी त्याचंच आणखी एक नाक. भिंगाची कडी फिरवत जायची, दोन नाकं जवळ येतात, एकमेकांवर बसतात, एकच होतात. झालं, फोकस लागला. मशीन काही करत नाही, सगळं डोळ्याने आणि बोटाने.

दादरच्या स्टुडिओतल्या उस्तादांनी त्यांना पहिला असा कॅमेरा दिला होता, रशियन, रीळवाला. आमच्या पनवेलच्या दमट हवेत त्याच्या भिंगात बुरशी चढली आणि तो गेला. नंतर धंद्याला डिजिटल घेतले, आपोआप फोकस लावणारे, एकामागून एक तीन. पण मन त्या खिडकीत अडकलं होतं. आता डिजिटल रेंजफाइंडर मिळतो हे कळल्यापासून माणसाला चैन नव्हती.

"आपोआपवाला आहे की, तो काय वाईट?" मी विचारायचे.

"त्याच्यामागं माजं तोंड झाकतं. खिडकी कोपऱ्यात असली का समोरच्याला अर्धा हिराजी दिसतो. माणूस माणसाकं बगून बसतो, मशीनकं बगून नाय."

हे मला पटायचं. पण नवा की जुना, याचा निकाल लागत नव्हता. नवा मुंबईत फोर्टातल्या एका दुकानात, हमीसकट. जुना रोडपालीला एका गृहस्थांकडे, एक पिढी मागचं मॉडेल, पण नीट सांभाळलेलं. सकाळी येऊन म्हणायचे, "नवाच घेतो. एकदाच घ्यायचा, मंग मरंपर्यंत बगायला नको." दुपारी, "जुना बरा, कुनीतरी वापरून बगलाय, खोट असती तर कलली असती." संध्याकाळी पुन्हा फोर्टात फोन. वडापाववाल्याला विचारलं, बँकेच्या वॉचमनला विचारलं, माझ्याकडे चाळिशीचा चष्मा घ्यायला आलेल्या एका अनोळखी बाईंना विचारलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्यांच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं फिरायची वेळ आली.

त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. त्या उरण नाक्याच्या बाजारात मासळी विकायच्या. "ताजं म्हावरं सोडून बासं कोन घेतं?" एवढंच त्या म्हणाल्या.

"सुकट खातेस ना?" हिराजीभाऊंनी विचारलं. "ती काय आजची असते?"

"सुकट खाते. पन सुकटीला ताजी म्हनून विकत नाय."

यावर हिराजीभाऊ नेहमीप्रमाणे "आलोच" म्हणून निघून गेले.

घाई का होती, तेही सांगते. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, रेश्माचं, लग्न ठरलं होतं. माघात. मुलीचे फोटो बाप स्वतः काढणार, आणि खिडकीच्या कॅमेऱ्याने काढणार, हे त्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. जावयाकडच्यांनी ड्रोनवाला सुचवला तर त्याला हात जोडून नको म्हणाले. इतक्या घरच्या लेकी ज्याने फोटोत बसवल्या, त्याने आपल्या लेकीच्या लग्नात पाहुण्यासारखं खुर्चीवर बसायचं? बसणारे नव्हतेच ते.

या कॅमेऱ्याची एक गंमत त्यांनी मला पुष्कळदा सांगितली होती, दर वेळी थोडी वाढवून. पनवेलला आल्यावरचं त्यांचं पहिलंच मोठं लग्न, जासईला, एका घरत कुटुंबातलं. गळ्यात उस्तादांचा रशियन कॅमेरा. हळदीपासून अक्षतांपर्यंत धावून धावून फोटो काढले. शेवटी घाम पुसताना बघतात तर भिंगावरचं झाकण तसंच! खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं ना. भिंगावर झाकण आहे की नाही, हे त्या खिडकीला काय माहीत? ही चूक फक्त या कॅमेऱ्यावरच होते, आणि प्रत्येकाकडून एकदा होतेच, असं ते म्हणायचे. सगळं रीळ कोरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे महाशय घरतांच्या दारात हजर. "तयार व्हा. आमच्याकं दादरला दुसऱ्या दिसाचा फोटो असतो. पैल्या दिसाला नवरा-नवरीचं तोंड दमलेलं असतं, तो फोटो खरा नाय." इतक्या अधिकाराने सांगितलं की घरतांनी पुन्हा मुंडावळ्या बांधल्या. लग्नातली गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण, तीही पुन्हा येऊन गायली. सगळं लग्न उन्हात पुन्हा उभं राहिलं. फोटो झकास आले.

खरी गंमत पुढे. त्या जोडप्याच्या मुलाच्या लग्नालाही हिराजीभाऊंनाच बोलावणं. हळद झाली, अक्षता पडल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "येताव ना? दुसऱ्या दिसाचा फोटो राहिलाय." घराण्याची रीत झाली होती ती! हिराजीभाऊंना राहवेना. त्यांनी घरच्या म्हातारीला, नवरदेवाच्या आजीला, बाजूला घेऊन खरं सांगून टाकलं, झाकणासकट. म्हातारीने त्यांना वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आमच्या घरची रीत तू आमाला शिकवतोस?" आणि नवरा-नवरीला मुंडावळ्या बांधायला गेली.

फोर्टातल्या दुकानात ते एकटेच जाऊन आले. आले ते वैतागून. "नव्याची खिडकी बरोबर नाय. दोन चित्रं जुलत नाय. कंपन्या आजकाल बगत नाय, डब्यात भरून पाठवतात."

मी हसले. इतका महागाचा जर्मन कॅमेरा डब्यातूनच बिघडून यावा? पण ते गंभीर होते. म्हणाले, "चला, तुमी पन चला रोडपालीला. काच तुमाला कलते."

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी गेले. वाटेत दोन खड्डे त्यांनी सरळ अंगावर घेतले आणि एका रिक्षावाल्याने आम्हा दोघांच्या घराण्यांचा उद्धार केला. मला वाटलं, माणूस विचारात आहे.

रोडपालीचे गृहस्थ म्हणजे मुकादमसाहेब. आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलेलं, आता निवृत्त. मुलाकडे परदेशी जायचं होतं म्हणून पसारा आवरत होते. फार अदबीचा माणूस. चहाबरोबर खजूर ठेवले आणि कॅमेरा मऊ कापडातून काढून असा समोर धरला, जणू तान्हं मूलच देतायत. "खूप जपलंय याला. पण आता तिकडे मुलाचं घर, मुलाच्या वस्तू. याची कदर करणारा मिळाला तर मला सुकून मिळेल."

हिराजीभाऊ कॅमेरा घेऊन गॅलरीत गेले. खाली स्टील मार्केटचे ट्रक रांगेने उभे होते. समोर दिव्याचा एक खांब. त्यांनी खिडकीला डोळा लावला, कडी फिरवली. परत फिरवली. डोळा चोळला. मग डावीकडच्या ट्रकवर धरून बघितलं, मग परत खांबावर.

"नाय," ते म्हणाले. "याची पन खिडकी हललीय. जुलत नाय."

मुकादमसाहेबांनी कॅमेरा घेऊन बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी बघितलं. चौकोनात दोन खांब होते. कडी फिरवली तसे ते जवळ आले, चिकटले आणि एक झाले. कुठे केसाइतकीही फट नाही. काचांमध्ये माझा जन्म गेलाय. दोन प्रतिमा जुळल्यात की नाही, हे मला कुणी सांगायला नको.

घोडं कुठं पेंड खातंय ते मला तिथे कळलं. मी हिराजीभाऊंकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. रुमालाने उगाच भिंग पुसायला लागले होते, जे आधीच स्वच्छ होतं.

"आपण म्हणता तर असेल," मुकादमसाहेब म्हणाले. "आपण जाणकार. मी हौशी माणूस. खैर, मी दुरुस्तीला टाकतो, किंवा असं करू या, किंमत उतरवतो. मला फसवून विकायचं नाही."

"बगतो. कलवतो," म्हणत हिराजीभाऊ जिन्याने खाली उतरले सुद्धा.

खाली मी हात पुढे करून स्कूटरची किल्ली मागितली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दिली. टपाल नाक्यापर्यंत स्कूटर मी चालवली, ते मागे बसले.

दुकानात शिरल्या शिरल्या मी त्यांना बाहीला धरून तपासणीच्या खुर्चीत बसवलं. एकदाच बसले म्हटलं ना, ते हे. काउंटरमागच्या भिंतीवर माझा मराठी अक्षरांचा तक्ता. "वाचा."

त्यांनी वाचला. वरपासून खालपर्यंत, अगदी मुंगीएवढी शेवटची ओळसुद्धा, धडाधड. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी इतका भराभर वाचला नव्हता. मी क्षणभर फसलेच. मग आठवलं, हा माणूस वर्षानुवर्षं या काउंटरला टेकून याच तक्त्याकडे तोंड करून उभा राहतोय. मी उठले आणि तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला आकडे होते.

हिराजीभाऊ एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने मोडत राहिले. सगळ्यात वरचा, तळहाताएवढा आकडा, तोही त्यांनी मान वाकडी करून, कडेने बघून, अंदाजाने सांगितला.

"ताई, मना म्हाईत हाय," शेवटी ते म्हणाले. "साखरेनं पडदा खाल्ला. डॉक्टरकं जातो मी. मदलं जातंय, कडंचं ऱ्हातंय. इंजेक्शन घेतो. तो बोलतो, हाय तेवडं टिकवू. किती टिकंल ते तो बोलत नाय."

"घरी माहीत आहे?"

"नाय. कुनालाच नाय." आणि मग ते एकदम उसळले. "मदलंच का? कडंचं जायचं होतं. त्या चौकोनात बगायचं तर मदलाच डोला लागतो. बरोबर तेवडाच घेतला देवानं!"

मग त्या नव्या-जुन्याचा सगळा उलगडा झाला. नवा घेतला की आपण पुढची बरीच वर्षं बघणार, असं सकाळी त्यांना वाटायचं. दुपारी वाटायचं, जेवढी नजर उरलीय तेवढ्यापुरता जुना पुष्कळ झाला. कॅमेरा कुठला, हा प्रश्नच नव्हता. आपली नजर किती दिवसांची, हे ते गल्लीतल्या प्रत्येकाला विचारत होते, आणि वडापाववाला बापडा हमीची मुदत सांगत होता. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला. शेजारी चष्म्याचं दुकान असून माणसाने हे लपवावं?

मथुराबाईंना माहीत नव्हतं म्हणे! मी दुसऱ्याच दिवशी उरण नाक्यावर त्यांच्या पाटीसमोर जाऊन उभी राहिले. बोलावं कसं, या विचारात पापलेटं चाचपत होते. त्यांनीच विषय काढला. "रेश्माच्या बापसाचं डोलं बगितलंस ना काल? पावसाच्या आदीपासून त्याच्या ताटातल्या मासल्याचं काटं मी काढून वाढते. त्याला काटा दिसत नाय. तो बोलला नाय, मी बोलली नाय." त्यांनी कोयत्याने एका माशाचं डोकं उडवलं. "मरद मानूस. त्याला बोलायला वेल लागतो."

आता खरं तर मार्ग सोपा होता. फोर्टात जाऊन नवा आणायचा. पैशाची सोय मथुराबाईंनी केली होती. दुकानदार अनोळखी, त्याला हिराजीभाऊंच्या डोळ्यांशी काही घेणं-देणं नाही. कुणाला काही सांगायला नको. पण हिराजीभाऊंच्या येरझाऱ्या चालूच. माझ्या दारात यायचे, परत फिरायचे. अर्धा नव्हे, आता पाव कप चहा. एका दुपारी आले आणि म्हणाले, "तो मुकादम काय करत असंल?"

"कोण जाणे. कॅमेरा दुरुस्तीला टाकला असेल."

"चांगला कॅमेरा खोलतील. खोलला का बिगडला." या पायावरून त्या पायावर. "मी त्याला खोटा पाडला, ताई. जासईला मी माजी चूक झाकली, त्यात कुनाचं काय गेलं नाय. हितं मी माजी खोट त्याच्या मालावर टाकली. म्हावऱ्यावर कोनी अशी खोट घालून भाव पाडला तर मथुरा त्याला कोयत्यानं मारील."

आम्ही रिक्षाने गेलो. मुकादमसाहेबांनी दार उघडलं, तेव्हा हिराजीभाऊ आत आले नाहीत. उंबऱ्यातच उभे राहिले.

"साहेब, तुमचा कॅमेरा बरोबर हाय," ते म्हणाले. "माजा डोला गेलाय. त्या दिवशी मी खोटं बोललो. मी फोटोग्राफर हाय आनि मना दिसत नाय."

जिन्यावरून वरच्या मजल्यावरची एक बाई पिशवी घेऊन चालली होती. तिनेही ते ऐकलं. मला वाटतं हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, आणि तेही एका परक्याच्या दारात.

मुकादमसाहेब जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून दुरुस्तीला टाकलाच नाही. या, आत या. तकलीफ झाली तुम्हाला." कॅमेरा तिथेच, त्याच कापडात होता. उतरवलेली किंमत ते देत होते, हिराजीभाऊ घेईनात. दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं आणि शेवटी पहिल्याच किमतीवर आलं. जुना घेतला गेला तो असा.

मग मुकादमसाहेबांनी भिंगाच्या कडीवर कोरलेले आकडे दाखवले. समोरचा माणूस किती लांब आहे याचा नेमका अंदाज असेल, तर कडी त्या आकड्यावर ठेवायची, खिडकीत जुळवत बसायची गरजच नाही. "धुक्यात आम्हाला तरी कुठे काय दिसायचं? खोली मोजायची आणि पुढे जायचं."

"आमी पानी वावंत मोजतो," हिराजीभाऊ म्हणाले. त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले, एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत. "ही एक वाव. बापूस दोरी अशी सोडायचा." मुकादमसाहेबांनीही हात पसरले. खजुराच्या बशीवर दोन म्हातारे येशू ख्रिस्तासारखे समोरासमोर उभे आणि मी मधे, हसू की रडू ते कळेना.

पुढचे काही आठवडे आमच्या गल्लीने चांगली करमणूक करून घेतली. हिराजीभाऊ रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे. विजेच्या खांबापासून एक वाव, दोन वाव, वळून फोटो. वडापाववाल्याच्या कढईपासून दीड वाव, वळून फोटो. रिक्षावाले भोंगे वाजवून दमले. फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून मला दाखवायचे. "हा लागलाय का? बगा, कान लागलाय का नाक?" सुरुवातीला ना कान लागायचा ना नाक. मी तसं सांगायचे. मग मात्र लागायला लागले. गल्लीतल्या सगळ्यांना एव्हाना कळलं होतं. गंमत म्हणजे फोटो काढून घ्यायला पूर्वीपेक्षा जास्त लोक उभे राहायला लागले.

रेश्माची हळद विचुंब्याला, त्यांच्या इमारतीखालीच मांडव घालून झाली. डीजे दणाणत होता, मथुराबाई अंगभर सोनं घालून नाचत होत्या आणि हिराजीभाऊ त्या गर्दीत हात पसरत, माणसांना ढकलत, शिव्या खात फिरत होते. ड्रोनवाला जावयाकडच्यांनी आणलाच होता, तो डोक्यावर भुणभुणत होता. फोटो रेश्माने मला नंतर दाखवले. खोटं कशाला सांगू, निम्म्याहून जास्त धूसर आहेत. पण रेश्मा हळदीच्या हातांनी केस मागे सारतेय आणि कॅमेऱ्याकडे, म्हणजे अर्ध्या दिसणाऱ्या बापाकडे बघून हसतेय, असा एक आहे. तो आता त्यांच्या घरात लागलाय. ड्रोनवाल्याचा एकही लागलेला नाही.

लग्नानंतर त्यांनी स्टुडिओ उघडला नाही. नवरा-बायको उरणकडे गावी राहायला गेले. फोन येतो, घाईतच असतात, अर्ध्यात ठेवतात. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पाठवणीच्या वेळी.

संध्याकाळचा उजेड होता. गाडी फुलं लावून उभी. बायका रडत होत्या, मीही रडत होते. रेश्मा एकेकाच्या गळ्यात पडत पडत बापासमोर आली. दोघांमध्ये वावभर अंतर असेल. ज्याने हजार लेकींची पाठवणी टिपली, त्याने ही टिपावी म्हणून सगळे बाजूला सरले, जागा करून दिली. हिराजीभाऊंनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि माझ्या हातात दिला. आणि मान वळवली. रेश्माकडे नाही, तिच्या शेजारी मांडवाच्या बांबूकडे तोंड करून उभे राहिले. आणि काय सांगू, हा माणूस जागचा हलला नाही. एका पायावरचा भारसुद्धा दुसऱ्यावर गेला नाही.

लोकांना वाटलं, बाप रडू लपवतोय. रेश्मालाही तेच वाटलं. ती हुंदके देत म्हणाली, "पप्पा, असं काय करताय? इकडे बघा ना माझ्याकडे. एकदा बघा ना."

ते बांबूकडेच तोंड करून, डोळ्याच्या कडेने, पापणी न हलवता म्हणाले, "तुलाच बगतोय, बाय. असंच दिसतेस तू मना. जरा उभी ऱ्हा."